तेराव्यानंतरची सोबत

दहावा, बारावा, तेरावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारपाजारचे डबे येतात, जावा-नणंदा रात्री सोबतीला झोपतात, सतरंज्या गुंडाळायलाही सवड मिळत नाही. मग पाहुणे पांगतात. मुलगा नोकरीच्या गावी परततो, मुलगी आपल्या घरी जाते. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स, बँकेतलं नॉमिनेशन, कौटुंबिक पेन्शनचे अर्ज ही कामंही यथावकाश उरकतात, आणि त्या बाईच्या हाती उरतो एक लांबच लांब दिवस. २०११च्या जनगणनेनुसार देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुरांच्या तिपटीहून जास्त. नवऱ्यापेक्षा बायको वयाने लहान, बायकांचं आयुर्मान जास्त, आणि पुन्हा लग्न करणाऱ्यांत पुरुषच अधिक, ही त्यामागची ठळक कारणं.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, "एखादा कुत्रा पाळा, मन रमेल." हल्ली हा सल्ला बरेचदा रस्त्यावरून वाचवलेल्या, अपघातातून किंवा आजारातून बरा केलेल्या गावठी कुत्र्याबद्दल असतो. मन खरंच रमतं का? रमत असेल तर कशामुळे? आणि त्या कुत्र्याचं काय? मानसशास्त्र, शरीरशास्त्र आणि पशुवैद्यक या तिन्ही शास्त्रांत याची बरीच उत्तरं आहेत. ती एकत्र पाहिली की दिसतं ते असं: कुत्रा दुःख घालवत नाही, मोडलेला दिवस पुन्हा उभा करायला मदत करतो.

दुःखाला पायऱ्या नसतात

नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार ही दुःखाची पाच पायऱ्यांची मांडणी अनेकांनी ऐकलेली असते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ती १९६९मध्ये मांडली, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. त्यामुळे "वर्ष झालं, अजून स्वीकार होत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय" असं वाटून घेणाऱ्या बायकांवर उगाच एक ओझं येतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९मध्ये मांडलेलं चित्र अनुभवाला जास्त जवळचं आहे. त्यांच्या मते शोक करणारं माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतं. एक काम गेलेल्या माणसाचं: आठवणी, रडणं, फोटो, त्याच्या शर्टांचं काय करायचं हा प्रश्न. दुसरं काम उरलेल्या आयुष्याचं: गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल भरणं, एकटीने लग्नाला जाणं, आजवर त्याने केलेली कामं शिकून घेणं. सकाळी तासभर रडून दुपारी पासबुक भरायला बँकेत जाणारी बाई निष्ठुर नसते, तिचं मन ठणठणीत रीतीने काम करत असतं. नुसत्या पहिल्या बाजूला अडकणं जसं धोक्याचं, तसंच नुसत्या दुसऱ्या बाजूला पळणंही.

कुत्र्याचा उपयोग या ये-जा करण्यात होतो. आठवणीत बुडालेल्या बाईला तो दिवसातून चार-पाच वेळा उठवतो, कारण त्याला बाहेर जायचं असतं. आणि तो कुणाला "आता रडू नका" असं सांगत नाही, त्यामुळे पहिल्या कामातही त्याची अडचण होत नाही.

घरातलं घड्याळ थांबतं तेव्हा

दुःख फक्त मनात असतं असं आपण धरून चालतो. १९८८मध्ये सिंडी एहलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुपफर या संशोधकांनी एक वेगळा विचार मांडला. आपल्या शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं, तसंच ते भोवतालच्या माणसांच्या ठरलेल्या हालचालींवरही चालतं. कोण किती वाजता उठतं, चहा कधी होतो, डबा कधी भरायचा, रात्रीच्या बातम्या कधी लागतात, या सगळ्या खुणा शरीराला वेळ सांगत असतात. जोडीदार गेला की त्या एकदम गायब होतात. झोप, भूक आणि ताणाची संप्रेरकं यांची लय विस्कटते आणि त्यातून नैराश्याला वाट मिळू शकते.

आपल्याकडच्या घराला हे किती लागू पडतं पाहा. कित्येक बायकांचा चाळीस वर्षांचा दिवस नवऱ्याच्या वेळांवर बेतलेला असतो. शेवटची काही वर्षं आजारपणाची असतील तर अधिकच: सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन, नऊला रक्तदाबाची गोळी, एकला पथ्याचं जेवण, पाचला फिजिओथेरपीचा माणूस. सोमवार ते रविवार असे खण असलेली प्लॅस्टिकची गोळ्यांची डबी हीच त्या घराची दिनदर्शिका झालेली असते. नवरा जातो त्या दिवशी ती डबी अर्धी भरलेली असते, आणि दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजण्याला काही अर्थ राहत नाही. "एकटीसाठी काय शिजवायचं" म्हणून चहा-बिस्किटांवर दुपार निघते, दुपारी झोप लागते, रात्री डोळा लागत नाही.

याचे शारीरिक परिणाम मोजले गेले आहेत. मायकेल यंग आणि सहकाऱ्यांनी १९६३मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची नोंद तपासली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होता. पुढच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम बायकांमध्येही दिसला, पुरुषांपेक्षा सहसा कमी. १९९०मध्ये जपानी डॉक्टरांनी 'ताकोत्सुबो' नावाचा हृदयविकार वर्णन केला. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो, लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची, आणि रुग्णांत बहुसंख्या रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची. म्हणून शोकाच्या काळात छातीत दुखलं तर "मनाचं आहे" म्हणून घरी बसू नये, ईसीजी काढून घ्यावा.

कुत्रा नेमकं काय करतो

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. कुत्र्याला सकाळी सहाला बाहेर जायचं असतं, पाऊस असो वा सुतक. त्याचं जेवण, फिरणं, औषध ठरल्या वेळी असतं. खाली जायचं म्हणजे साडी नीट करायची, चपला घालायच्या, किल्ली घ्यायची. कोवळं ऊन अंगावर पडतं आणि त्याने रात्रीची झोपही सुधारते. कुत्र्यासाठी भात लावला की स्वतःसाठीही दोन घास उतरवले जातात.

दुसरी गोष्ट स्पर्श. वैधव्यात स्पर्श फार लवकर नाहीसा होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. जपानमधल्या अझाबु विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या मुलाचं नातं घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हे आढळलं नाही. हजारो वर्षं माणसाच्या सोबतीने राहून कुत्र्याने कमावलेली ही गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट आपल्या समाजात फार मोलाची: बाहेर पडण्याचं निमित्त. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मोठंच पाऊल. पण "एवढ्यात कुठे निघालीस?" ही खिडकीतली नजर ठरावाने जात नाही. हातात कुत्र्याचा पट्टा असला की त्या नजरेला उत्तर द्यावं लागत नाही. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २०००मध्ये दाखवलं की सोबत कुत्रा असला की अनोळखी लोक कितीतरी जास्त वेळा थांबून बोलतात. आपल्याकडे सांत्वनाला आलेल्या माणसाला काय बोलावं कळत नाही, म्हणून तो मग येणंच टाळतो. कुत्रा त्याला विषय पुरवतो: "चावतो का हो?" इथून सुरू झालेलं बोलणं मग दोघांच्या गुडघेदुखीपर्यंत जातं.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुणालातरी आपली गरज असणं. नवऱ्याची शुश्रूषा केलेल्या बाईचं नवऱ्याबरोबर एक कामही गेलेलं असतं, ज्यात ती तरबेज होती. मुलं "आई, आता तू काही करू नकोस, आराम कर" म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो, पण तिला ऐकू येतं ते "आता तुझी गरज नाही." खरजेने केस गेलेल्या, तंगडीला प्लास्टर असलेल्या कुत्र्याला तिच्या हातांची गरज असते. गोळी गुळात किंवा पनीरच्या तुकड्यात लपवून कशी द्यायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आकडे काय म्हणतात? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या डॉन कार आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५० वर्षांवरच्या लोकांची माहिती तपासली. जोडीदार गमावलेल्यांपैकी ज्यांच्या घरी प्राणी होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं आणि एकटेपणा बिनप्राण्याच्या घरांपेक्षा कमी वाढला. स्वीडनमध्ये सुमारे ३४ लाख लोकांच्या बारा वर्षांच्या नोंदी २०१७मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकट्या राहणाऱ्यांपैकी कुत्रा असलेल्यांत मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. पण मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळायला धजावतात, हेही यामागे असू शकतं. म्हणून कुत्रा म्हणजे आयुष्य वाढवणारं औषध, असा अर्थ यातून काढू नये.

त्यालाही जड जातं

आता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांहून अधिक भटके कुत्रे मोजले गेले. त्यातला एखादा अपघात, आजार किंवा मालकाने सोडून दिल्यामुळे प्राणिमित्रांच्या हाती लागतो आणि घरी येतो. त्याच्यासाठीही हे स्थलांतर धक्कादायक असतं. अमेरिकेतल्या एका प्राणी निवाऱ्यात मायकेल हेनेसी यांच्या गटाने १९९७मध्ये केलेल्या मोजमापात, नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक आढळलं. शोकात असलेल्या माणसाच्या शरीरातही हेच संप्रेरक चढलेलं असतं.

रेस्क्यूचं काम करणारे लोक 'तीन-तीन-तीन'चा ठोकताळा सांगतात: घाबरण्याचे तीन दिवस, घराच्या रीती कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. पहिल्या दिवसांत असा कुत्रा पलंगाखाली बसून राहतो, समोर कुणी असेपर्यंत ताटलीला तोंड लावत नाही. झाडलोटीसाठी केरसुणी हातात घेतली की तो अंग चोरून भिंतीला चिकटतो, कारण रस्त्यावर काठीसारखी लांब वस्तू उचलली जाते ती मारायलाच. त्याला ओढून बाहेर काढू नये. जवळच खाली बसून भाजी निवडावी, त्याच्याकडे पाहूही नये. तो स्वतः येऊन हात हुंगेल तेव्हा ओळख सुरू होते. नवं कुत्रं आल्या आल्या मांडीवर झोपेल या अपेक्षेने आणलं तर पहिल्याच आठवड्यात हिरमोड ठरलेला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. स्वीडनमधल्या लिंकपिंग विद्यापीठाने २०१९मध्ये माणसांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल तपासलं. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या मालकांच्या कुत्र्यांमध्येही ते वाढलेलं सापडलं. म्हणजे आपलं दुःख तो नुसतं पाहत नाही, सोसतोही. त्याला शोक रिचवायचं यंत्र समजणं अन्यायाचं आहे. बाईला रडायला, बोलायला माणसं हवीतच. ती जबाबदारी कुत्र्यावर ढकलून नातेवाइकांनी मोकळं होऊ नये.

आणण्याआधी

पिल्लू नको, मोठा कुत्रा बरा. पिल्लाला रात्री दोन-दोनदा बाहेर काढावं लागतं, ते चपला-सोफे कुरतडतं. त्याचं आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं, म्हणजे सत्तरीतल्या बाईने पंच्याऐंशीपर्यंतचा हिशेब करायचा. चार-पाच वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव, आकार आणि आवाज समोर दिसत असतो. असे कुत्रे सहसा कुणी नेत नाही, त्यामुळे त्याचंही भलं होतं.

आधी फॉस्टर करून पाहावं. बहुतेक रेस्क्यू गट काही आठवड्यांसाठी कुत्रा सांभाळायला देतात. जमलं तर ठेवा, नाही तर चांगलं घर मिळेपर्यंत त्याला निवारा दिल्याचं समाधान आहेच.

ताकदीचा अंदाज घ्यावा. अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळात पट्टा धरून कुत्रा फिरवताना हाड मोडून घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. त्यांत चारापैकी तीनांहून जास्त स्त्रिया होत्या, आणि सर्वांत जास्त मोडलं ते खुब्याचं हाड. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. मांजर दिसताच कुत्रा झेपावतो आणि आपण त्याच्याबरोबर जातो. सपाट चपलांऐवजी पकड असलेले बूट, आणि ओढत नेणाऱ्या कुत्र्यासाठी गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस घ्यावा.

डॉक्टरांकडची कामं पहिल्या आठवड्यात उरकावीत: रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस, जंतांचं औषध, गोचिडांवरचा उपाय. गोचीड ताप आपल्याकडे सर्रास होतो आणि कुत्रा मलूल होऊन जेवण सोडतो तेव्हा तो बराच वाढलेला असतो. किनारपट्टीवर पावसाळ्याआधी लेप्टोची लस झाली आहे का हे विचारून घ्यावं. कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजावं. दात लागलाच, मग तो घरच्या कुत्र्याचा का असेना, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना लावत बसू नये.

जेवणाबाबत आपल्या घरांत एक समज पक्का आहे: कुत्रा म्हणजे दूध-पोळी. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीतून पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. भाताबरोबर उकडलेलं अंडं किंवा चिकन, थोडा उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाला न घालता, हे बरं. शाकाहारी घरात आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे रात्रीची उरलेली आमटी त्याच्या ताटलीत जाता कामा नये. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा प्रेमाने भरवला जातो, तो याच यादीत येतो.

सोसायटीचा प्रश्न निघतोच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण शी उचलायची पिशवी खिशात ठेवणं, महापालिकेचा परवाना काढणं, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं ही आपली बाजू. देवघराच्या सोवळ्याचा मुद्दा एखाद्या ज्येष्ठ नातेवाइकाने काढला तर दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेले चार कुत्रे आणि खंडोबाच्या घोड्याजवळचा कुत्रा दाखवावा. वाद तिथेच मिटतो.

आणि शेवटचं, पण लेखी ठरवायचं: बाई आजारी पडली, गावाला गेली किंवा तिचं काही बरंवाईट झालं तर कुत्रा कुणाकडे जाईल? ज्याचं नाव लिहायचं त्याने आधी होकार द्यायला हवा.

कुत्रा पुरेसा नसतो तेव्हा

काही शोक निवळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आणि अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात 'दीर्घकालीन शोक' हा आता वेगळा विकार म्हणून नोंदलेला आहे. पहिलीत किमान सहा महिने, दुसऱ्यात प्रौढांसाठी किमान बारा महिने ही मुदत. रोज तीव्र ओढ, जगण्यात अर्थच नाही असं वाटणं, स्वतःचाही एक भाग मेल्यासारखं वाटणं, आणि यामुळे रोजची कामं अडणं ही त्याची लक्षणं. इथे कुत्रा हा उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं. जेवणखाण, आंघोळ सुटलेल्या बाईच्या घरी तर कुत्रा आणूच नये. दोघांचेही हाल होतात.

परदेशातली किंवा दुसऱ्या शहरातली मुलं आईच्या वाढदिवसाला लॅब्रेडॉरचं गोंडस पिल्लू टोपलीत घालून पाठवतात, ते म्हणूनच चुकीचं. नवरा गेल्यानंतरच्या महिन्यांत त्या बाईविषयीचं जवळजवळ सगळं दुसरेच ठरवत असतात: तिने कुठे राहायचं, घर विकायचं की नाही, टिकली कुठल्या रंगाची लावायची, किती दिवसांनी हसायचं. कुत्राही त्याच यादीतला एक निर्णय झाला तर त्याचा उपयोग होत नाही, तिच्या डोक्याला एक काम तेवढं वाढतं. मुलांनी लसींचा खर्च उचलावा, पडत्या वेळी सांभाळायचा शब्द द्यावा, आणि निवाऱ्यात जायला तिला गाडी करून द्यावी. आत गेल्यावर कुठल्या पिंजऱ्यासमोर थांबायचं, किंवा कुठेच न थांबता परत यायचं, हे तिला ठरवू द्यावं.